अर्ध्या रिसाल्याचे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका बिनकामाचा अभिमान बाळगणारा माणूस अख्ख्या चेन्नईत सापडायचा नाही. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले हे मामा 'घोडदळातून' निवृत्त झाले, असं ते स्वतः सांगतात. प्रत्यक्षात नोकरीभर ते रणगाड्यात वायरलेस कानाला लावून बसले होते. मरीनावर पोरांना फेरी मारून आणणारा घोडा दिसला, तरी ते माझ्या आडून चालतात.

मामांची रेजिमेंट दोन रिसाले, म्हणजे घोडदळाची पथकं, एकत्र करून बनली, तीही मामांच्या जन्माच्या कितीतरी आधी. दोन्ही रिसाल्यांनी गाजवलेल्या लढायांची नावं, म्हणजे युद्धसन्मान, तेव्हापासून एकाच ध्वजावर आहेत. सरकारला हे मान्य आहे, मामांना नाही. काबूल आणि बगदाद त्यांच्या रिसाल्याचे. कांब्रे आणि दमास्कस 'त्या लोकांनी माहेराहून आणलेले'! ते लोक म्हणजे कोण, तर मामांच्याच रणगाड्याचे ड्रायव्हर, एग्मोरला राहणारे त्यांचे जिवलग मित्र. दोघं एकाच दिवशी भरती झाले, एकाच डब्यात जेवले. त्यांनी रिसाला अर्धा अर्धा कधी वाटून घेतला, देव जाणे. दर रविवारी अण्णा नगरच्या घरी कॉफी पिता पिता सगळे सन्मान मोठ्याने म्हणायचे, हा नेम. कोणाचे आधी, यावर भांडण, हाही नेमच. "आमचं अगोदर दा! तुमी मागून आलेले," मामा तमिळ वळणाचा 'दा' लावून गरजायचे. "कांब्रे सोडून म्हण की बघू! नोको तुझी कॉफी," म्हणत मित्र चपला शोधायचे आणि पुढच्या रविवारी हजर. दोन शहाण्यासुरत्या माणसांना हे शोभतं का, असं मी बायकोला दर आठवड्याला विचारायचो.

गेल्या महिन्यात या मित्राला मेंदूचा झटका आला. वाचा गेली, ओळखही पटेना. ओळखीचं काहीतरी बोलत राहा, असं डॉक्टर म्हणाले. मामा पलंगाशी ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात आपले सन्मान आधी म्हणाले. मित्र ढिम्म. मग त्यांनी मित्राचे सुरू केले, ते थेट दमास्कसपासून. कांब्रे चक्क गाळलं! मी दचकलो. मामांच्या हातून असली चूक या जन्मात व्हायची नाही. चिडून तरी बोलेल, म्हणून ती केलेली होती. "रागव की दा," मामा वाकून म्हणाले. "चुकलं बघ माझं."

मित्राचे डोळे छताकडेच होते. मामा बराच वेळ वाट बघत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी मित्राच्या अंगावरची चादर सारखी करत त्यांनी स्वतःच हळूच म्हटलं, "कांब्रे."