मांजरपाटाने मोजलेला रस्ता

साताऱ्याहून निघाल्यापासून मी गाडीत झोपलेच होते. डोळे उघडले ते छत्रपती संभाजीनगरच्या कोवळ्या उन्हात. स्टँडवर शाहीन स्वतःची गाडी घेऊन उभी. हॉस्टेलात असताना सायकलवरूनही पडणारी माझी ही मैत्रीण स्टिअरिंगवर बसलेली पाहून मला वाटलं, आपण अजून जागे झालोच नाही. मागच्या सीटवर तिचा नवरा रफिकभाई पाहुण्यासारखे अंग चोरून बसले होते.

गुलमंडीत त्यांचं कापडाचं दुकान आहे. दुपारी तिथे ताग्यांच्या मधोमध बसून आम्ही नान-खलिया (मटणाचा पिवळसर रस्सा आणि जाड, मऊ रोटी) जेवलो. मी इतकी जेवले की शाहीनने साताऱ्यात दुष्काळ पडलाय का म्हणून विचारलं. मग रफिकभाई गिऱ्हाइकाकडे वळले, तेव्हा तिने हळूच सगळं सांगितलं.

गेल्या वर्षी फुलंब्रीच्या रस्त्यावर त्यांच्या गाडीची धडक बसून कौसाबाई नावाच्या एका बाईंचं खुब्याचं हाड मोडलं. रफिकभाईंनीच त्यांना दवाखान्यात नेलं, पुढेही जात-येत राहिले. बाई काठी टेकत चालू लागल्या, पण रस्त्यापलीकडच्या आपल्या शेतात काही त्या परत गेल्या नाहीत. रस्ता दिसला की पाय थिजतात म्हणे. इकडे रफिकभाईंनीही गाडी चालवणं सोडलं. जो तो त्यांना सांगे, बाईच मध्ये आली, तुमचा इलाज नव्हता. शाहीनचीही इच्छा होती की मी हेच समजावून सांगावं.

रफिकभाईंना मात्र माझ्याकडून वेगळंच काम हवं होतं. कापडवाल्या माणसाला अंतर कळतं ते कापडातच. एका पहाटे त्यांनी मांजरपाटाचा (कोऱ्या, जाड्याभरड्या सुती कापडाचा) अख्खा तागा नेऊन त्या रस्त्याच्या कडेने उलगडला होता. कौसाबाई पहिल्यांदा दिसल्या तेव्हा गाडी जिथे होती त्या मोरीपासून धडक बसली त्या चिंचेपर्यंत. तिथेच कात्री लावली. आता तेवढ्या कापडात गाडी थांबते का, हे त्यांना पाहायचं होतं. शाहीन त्यांच्या मायेपोटी आधीच ब्रेक दाबेल, म्हणून "थांब" म्हणायला तिसरं माणूस हवं होतं.

"ताई, माझी समजूत घालू नका," ते म्हणाले. "इलाज होता की नव्हता, एवढंच मला कळू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चिकलठाण्याकडे गेलो. कारखान्यांच्या मागे एक नवी वसाहत होऊ घातली आहे. रस्ते झालेत, घरं अजून व्हायची आहेत. नावं नसलेल्या त्या रस्त्यांवर नुसतं गवत हलत होतं. रफिकभाईंनी कडेने कापड अंथरलं. वाऱ्याने ते मधूनच फुगायचं आणि मग नदी संथपणे वाहते आहे असं वाटायचं. त्या पांढऱ्या नदीत एक शेळी येऊन उभी राहिली. तिला हाकलताना मी बाभळीच्या काट्यात ओढणी फाडून घेतली.

पहिल्या खेपेला शाहीनने गाडी चाळीसवर आणली. कापड सुरू झालं तशी मी "थांब" म्हणाले. गाडी थांबली तेव्हा पुढे चार-पाच झब्बे निघतील एवढं कापड शिल्लक होतं. मला हायसं वाटलं, मग म्हणजे इलाज होता हे लक्षात आलं आणि ते हायसं वाटणं आवडलं नाही.

दुसऱ्या खेपेला साठ. मी "थांब" म्हणाले, पण शाहीनचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच निम्म्याहून जास्त कापड मागे गेलं होतं. मग टायर किंचाळले, कापड संपलं, आणि गाडी तरीही जातच राहिली. कापडाच्या टोकाशी काटा अजून तिसाच्या वर होता. वेग दीडपट केला म्हणून अंतर दीडपटच वाढेल, असा आपला माझा हिशेब होता. शाहीन स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली.

"त्या दिवशी मी सत्तरवर होतो," रफिकभाई म्हणाले. त्यांनी कापडाची नीट घडी घातली आणि फुलंब्रीला जाऊ म्हणाले.

शाहीन चाळीसच्या पुढे गेली नाही. ट्रक मागून भोंगे वाजवत आणि पुढे निघून जात. एवढ्या हळू गेलं की रस्ता निराळाच दिसतो. बांधावर डबा सोडून बसलेली माणसं, कपाशीवरचं ऊन, आपल्यासोबत चालत असल्यासारखे दूरचे डोंगर. एरवी मी यातलं काहीच पाहिलं नसतं.

कौसाबाई ओट्यावर तुरी निवडत बसल्या होत्या. रफिकभाई त्यांच्यापुढे खाली बसले.

"मावशी, रस्ता ओलांडायचा तुमचा अंदाज बरोबर होता. गाडी चाळीसनं असती तर तुमच्या अलीकडंच थांबली असती. मी जोरात होतो. चूक माझी होती."

बाईंचा हात सुपातच राहिला.

"मंजी मला नीट दिसत व्हतं?"

"व्हय मावशी."

"मला वाटलं, आता मला कायबी उमगत नाय. लेक म्हनला घरी बस, तर बसले." त्यांचा आवाज चढला. "येवढं सांगाया वरीस लागलं व्हय रे तुला?"

बाईंनी काठी घेतली आणि त्या रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. शाहीन आधार द्यायला धावली, त्यांनी तिला हातानेच थांबवलं. एक टेम्पो गेला. लांबून एक मोटार येत होती, ती त्यांनी डोळे बारीक करून पाहिली आणि जाऊ दिली. मग त्या निघाल्या, काठी टेकत, कसलीही घाई न करता. पलीकडे पोचल्यावर मागे वळूनही न पाहता तुरीत शिरल्या.

गाडी त्या दिवशीही शाहीननेच चालवली. मी साताऱ्याला परतले. परतीच्या वाटेवर मला झोप आली नाही. आम्ही सगळी चांगली माणसं. रफिकभाईंचं मन राखायला जो तो तुमचा इलाज नव्हता म्हणत राहिला, मीही तेच म्हटलं असतं. ते त्यांना तर पटलं नाहीच, पण कौसाबाईंच्या कानावर जाऊन त्यांना पटलं, आणि एक धडधाकट नजरेची बाई वर्षभर ओट्यावर बसून राहिली.