नमस्कार घेतल्याशिवाय न हलणारी मशीन

गेल्या वर्षी आजच्या दिवशी मी सदूभाऊंना मारलं.

चौकशीच्या कागदात असं कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहितोय. हात जोडलेले इमोजी टाकू नका. शेवटपर्यंत वाचा आणि मग हव्या तेवढ्या शिव्या घाला.

सदूभाऊ कोल्हापूरकडचे. गोव्यात, डिचोलीत आमच्या कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. पत्रा आत ठेवायचा, वरून लोखंडी ठोकळा दाणकन येतो आणि पत्र्याला आकार देतो. त्या प्रेसला चालवणारा प्रोग्रॅम माझा.

प्रेसच्या तोंडाशी डोळ्यांना न दिसणारा प्रकाशाचा पडदा असतो. हात आत गेला की पापणी लवायच्या आत ठोकळा थांबला पाहिजे.

माझ्या गावाहून, पार्स्याहून येताना मी पोदेराकडचे, म्हणजे बेकरीवाल्याकडचे, गरम उंडे पाव आणायचो. शिफ्टआधी आम्ही दोघं ते चहात बुडवून खायचो.

मग सदूभाऊ बूट काढायचे. डाव्या हाताने रिसेट दाबून सोडायचे. ठोकळा पहिल्या रिकाम्या फेरीला निघतो न निघतो तोच उजवा हात आत घालून मशीनच्या पायाला लावायचे, मग कपाळाला.

पडदा हात ओळखायचा. ठोकळा वरच थांबायचा.

"बघा की सायेब, माझा नमस्कार घेतल्याबिगर हलत न्हाई ती!"

मी हसायचो. खरं सांगतो, छाती फुगायची. थांबवणारा कोड माझा होता ना!

सदूभाऊ, हा वेडेपणा बंद करा, असं मी एकदाही म्हटलं नाही.

मग प्रॉडक्शन वाढवायचं ठरलं. प्रेस फास्ट करायला मी प्रोग्रॅम बदलला. दोन दिवस फेऱ्या मारून टेस्ट केली, एकदाही उशीर नाही.

पण टेस्ट म्हणजे आपण जेवढं करून बघितलं तेवढंच. म्हणून फॉर्मल व्हेरिफिकेशनही लावलं. त्यात कॉम्प्युटर मशीन चालवत नाही, गणित करतो. कुठल्याही क्रमाने काहीही घडलं तरी ठोकळा वेळेत थांबेल का? थांबत नसेल तर नेमका कुठला क्रम नडतो, तो समोर ठेवतो.

त्याने एक ठेवला. लाल अक्षरांत.

रिसेट सुटणं आणि हात आत जाणं अगदी एकाच क्षणी झालं, तर कंट्रोलर रिसेटच्या नादात 'हात आत आहे' ही नोंद पुसून टाकतो. ठोकळा थांबत नाही.

मॅनेजर माझ्या खांद्यावरून बघत होता. "असां खंय जाता रे? फाल्यां मशीन चालू जावंक जाय." त्याला उद्याच मशीन चालू हवी होती.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं: 'प्रत्यक्षात अशक्य. रिसेट दाबणारा कामगार त्याच क्षणी हात आत घालत नाही.'

त्याच सकाळी मी सदूभाऊंना ते करताना बघितलं होतं. हातात चहाचा ग्लास घेऊन, दोन पावलांवरून.

पाच महिने काही झालं नाही.

त्या दिवशी तो क्षण नेमका जुळला. ठोकळा थांबला नाही.

हाडाचा आवाज पत्र्यासारखा नसतो. हात कोपराच्या वरपर्यंत आत होता. मी इमर्जन्सी बटणावर मुठी आपटत होतो, काही उपयोग नव्हता, ठोकळा खाली येऊन बसला होता. चौघांनी लोखंडी दांडा लावून चाक उलटं फिरवलं तेव्हा तो वर गेला. तोवर सदूभाऊ ओरडत होते. नंतर ओरडणंही बंद झालं. त्यांचे बूट बाजूला नीट ठेवलेले होते आणि रक्त त्या बुटांपर्यंत गेलं होतं.

पिकअपच्या हौद्यात मी माझा पट्टा त्यांच्या दंडाला आवळून धरला होता. रक्त काही थांबत नव्हतं.

"सायेब, आज थांबली न्हाई ती."

मी पट्टा आणखी आवळला.

"माझंच कायतरी चुकलं आसंल."

मला माहीत होतं काय झालंय. ती लाल अक्षरं डोळ्यांसमोर होती. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

"बोलू नका सदूभाऊ," म्हटलं मी.

हॉस्पिटल यायच्या आधीच ते गेले.

चौकशीत आलं, 'कामगाराची चूक'. आधार कशाचा? माझ्याच वाक्याचा. कामगार असं करत नाही असं इंजिनियरनेच लिहिलंय, म्हणजे ह्याने नियम मोडला.

मी मॅनेजरची कॉलर धरली. त्याला भिंतीवर असा आपटला की शर्टाची दोन बटणं तुटून पडली. त्याला मारून टाकावंसं वाटत होतं.

आणि तिसऱ्या दिवशी चौकशीच्या त्याच कागदावर सही केली. भित्रा साला.

नंतर प्रोग्रॅम दुरुस्त केला. दोन ओळी. परत सगळे क्रम तपासले, लाल काही उरलं नाही. चहासकट चाळीस मिनिटं लागली.

आईने एकदाच सदूभाऊंच्या बायकोबद्दल विचारलं, "झिला, तेच्या बायलेक खरां सांगलंस मां तू?"

मी मान खाली घालून जेवत राहिलो. ती उठून आत गेली.

गेल्या आठवड्यात वहिनींचा, म्हणजे सदूभाऊंच्या बायकोचा, फोन आला. वर्षश्राद्धाला या म्हणाल्या. फोन ठेवता ठेवता विचारलं, "भावजी, ह्यांचं नेमकं काय चुकलं वो? गावात लोक म्हणत्यात, दारू पिऊन मशीनवर गेलते."

सदूभाऊ! ज्यांनी कधी फेणीचा वाससुद्धा सहन केला नाही!

काल तो रिपोर्ट, लाल पानासकट, फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात देऊन आलो. सोबत सहीनिशी लिहून दिलंय की चूक माझी. नोकरी जाईल. केस होईल. होऊ दे.

आता त्यांच्या गावच्या एसटी स्टँडवर बसून हे टाइप करतोय. श्राद्धाला गाव जमलं असेल. सगळ्यांसमोर सांगणार आहे. कुणी हात उगारला तर अडवणार नाही.

भावपूर्ण श्रद्धांजली तुम्ही वाहा. मला आधी त्यांच्या दारात उभं राहायचंय.

सदूभाऊ, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. पिकअपमध्येच सांगायला हवं होतं.