शमीम मॅडमचा दुपारचा तारा

शमीम मॅडमना वेळ विचारायची सोय नव्हती. ‘कोणता टाइम, सर? आपला, का दुनियेचा?’ असा उलटा प्रश्न यायचा. दुनियेचा म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मी मराठीचा शिक्षक, मला तिची कधी गरज पडली नाही. पण मॅडम भूगोलाच्या. लोणार तालुक्यातल्या आमच्या शाळेचा एकुलता एक कम्प्युटर त्यांनी आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला वाहून टाकला होता. मी प्रश्नपत्रिका टाइप करायला जावं, तर पडद्यावर मृगनक्षत्र!

ती बीटी कापसाची वर्षं. वेचणी सुरू झाली की सातवीच्या मुली शेतात. त्या साली तर लाल्या रोग पडून पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, तांबडी झालेली. मजूर कोण लावणार? हुशार वर्षाही वर्गातून गेली. मॅडमनी तिच्या आईला, कांताबाईला गाठलं. ‘दिवसा तारा दाखवला, तर पोरीले शाळेत पाठवशील?’

‘दाखवा तं खरं!’

दुपारी चारला कांताबाई आणि गावातल्या इतर बायका वेचणी सोडून शाळेत आल्या. शुक्र दाखवायला मॅडमनी पूर्वेला बोट केलं. मी म्हणालो, ‘अहो, शुक्र सध्या संध्याकाळी मावळतीला दिसतो. आत्ता उगवतीला कसा असेल?’

‘सर, तुम्ही व्याकरण पाहा. सॉफ्टवेअर चुकत नाही, माणूस चुकतो.’

माना दुखल्या, तारा काही दिसला नाही. ‘उगीच आमच्या कामाची खोटी केली,’ म्हणत बायका परतल्या.

मग चूक सापडली. साडेपाच तास मॅडमनी वजा केले होते आणि सॉफ्टवेअरनंही. नकाशा सकाळचा निघाला होता. ‘म्हटलं नव्हतं, माणूस चुकतो?’ हे त्यांनी वर मलाच ऐकवलं!

दुसऱ्या दिवशी मलाही ओढत त्या कांताबाईच्या शेतात गेल्या. लिंबाच्या सावलीत उभं राहून दक्षिणेला बोट केलं. बराच वेळ गेला, आणि कांताबाई ओरडली, ‘हाव वो! थे पाहा, तांदळाच्या कणीवानी!’

‘मग उद्या पाठव पोरीले.’

‘कापूस घरात आल्यावर,’ म्हणत कांताबाईनं पुन्हा आपली ओळ धरली.

मला वाटलं, सुटलो एकदाचे. कसचं काय! शाळा सुटली की मॅडम रोज शेतात. वेचता वेचता वर्षाला शिकवायच्या; भूगोल त्या, मराठी मी. सुक्या बोंडांनी माझी बोटं ओरबाडली. तक्रार केली, तर म्हणाल्या, ‘सर, कापूस वेचून राह्यले का कविता?’

कापूस संपला, वर्षा वर्गात आली, पासही झाली. जूनमध्ये मॅडमची बदली जानेफळला झाली. त्यांची बस हलली तेव्हा कांताबाई म्हणाली, ‘लई डोकं खाल्लं वो बाईनं.’

‘फार,’ मी म्हणालो. बस दिसेनाशी झाली, तरी आम्ही दोघं तिथंच उभे होतो.