रिकामे हात

"बघा, दोनी हात रिकामे हायेत." शर्यतीच्या टांग्यावर चढण्याआधी तो माणूस दोन्ही तळवे लोकांसमोर पसरायचा. आमच्या हिंगोलीजवळच्या पुसेगावकडच्या जत्रेत तुम्ही कधी आला असाल, तर तो तुम्हीही पाहिला असणार. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला अष्टगंध आणि तोंडी एकच वाक्य, "जनावर म्हंजे आपलं लेकरू." ऐकून माझं डोकं उठायचं.

मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. जत्रा कमिटीनं शर्यतीत चाबूक बंद केला आणि घोड्याला आमचं सर्टिफिकेट सक्तीचं केलं, तेव्हा अर्धं गाव उखडलं. चाबकाबिगर घोडं पळतंय व्हय, म्हणत पारावर रोज हमरीतुमरी. हा गृहस्थ मात्र कमिटीच्या बाजूनं भाषणं ठोकायचा. वर शर्यतही जिंकायचा. टांग्यावर बसला, घसा खाकरला, की त्याची तांबडी घोडी सुसाट सुटायची. हिंगोलीहून दोन प्राणिमित्र मोबाइलवर शूटिंग करायला आले. तक्रारीला जागाच सापडेना, तेव्हा बिचारे त्याच्यासोबत फोटो काढून, चहा पिऊन परत गेले.

एकदा सकाळी घोडीला जंताचं औषध पाजायला मी न कळवता त्याच्या गोठ्यावर गेलो. घोडी आखूड बांधलेली. यानं घसा खाकरला आणि हातातलं दांडकं तिच्या मांडीवर घातलं. वळ उठू नये म्हणून दांडक्याला ओलं पोतं गुंडाळलेलं. पुन्हा खाकरला, पुन्हा मारलं. तिसऱ्या वेळी नुसत्या खाकरण्यानंच ती थरथरत उभ्या उभ्या मुतली.

लाजेल तर शपथ! मलाच बसायला खाट टाकली. मी सर्टिफिकेट देणार नाही म्हणालो, तसा हसला.

"काहून न्हाई? येक जखम दाखवा, डॉक्टर."

मी घोडीच्या अंगावरून हात फिरवला. साधा ओरखडा नव्हता. कमिटीच्या अध्यक्षाला जाऊन सांगितलं, तर देवमाणसाला नावं ठेवता म्हणून त्यानं मलाच झापलं. मग मीही शेपूट घातली. 'अंगावर जखम नाही' असं लिहून तीन वर्षं सही केली. त्या ढोंग्याची मला किळस वाटायची, आणि सही करताना स्वतःचीही.

गेल्या उन्हाळ्यात तो हार्टफेलनं गेला. शोकसभेला मोठा मंडप. फोटोला हार, शेजारी खुंट्याला घोडी, तिच्याही गळ्यात झेंडूचा हार. कोणाच्या डोक्यातून हे निघालं, देव जाणे. त्याचं प्राणिप्रेम सांगायला कमिटीचा अध्यक्ष माइकसमोर उभा राहिला आणि बोलण्याआधी त्यानं घसा खाकरला.

दोन्ही कर्ण्यांतून तो आवाज मंडपभर घुमला. घोडीनं खुंटा उपटला, खुर्च्या तुडवल्या, फोटो पाडला आणि मोकळ्या वावरातून पळत सुटली.

बाया रडायला लागल्या. माझ्या शेजारचा म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "मालकाचं दुख सोसलं न्हाई तिला. मुक्या जनावरालाबी कळतं, नव्हं डॉक्टर?"

"कळतं," मी म्हणालो आणि तिच्या मागं निघालो.

दोन वावरं पार करून ती बांधाजवळ उभी होती, घामानं ओलीचिंब. मी हळूहळू जवळ गेलो. माझा घसा दाटून आला होता. पण मी खाकरलो नाही.