काट्यावरची मरळ

कॉलेज सुरू झालं त्याच महिन्यात फिजिक्सच्या सरांनी मला फळ्यापाशी बोलावलं. टेबलावर ठेवलेल्या पुस्तकावरची बलं बाणांनी दाखवायची होती. खालचा बाण मी काढला, पुस्तकाचं वजन. वरचा काढताना हात थांबला. टेबल पुस्तकाला वर ढकलतं, हे पाठ होतं. पण टेबल तर नुसतं उभं असतं, ते कसं ढकलेल?

"सोमवारी परत विचारीन," सर म्हणाले. "जमत नसेल तर आर्ट्सला जा, अजून बदलता येतं."

ते रागावून म्हणाले नव्हते, म्हणूनच मला ते खरं वाटलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. विचारायचं कोणाला?

रविवारी बाबांसोबत पवनीच्या बाजारात मासोळी विकायला बसले. एका गिऱ्हाइकाने जिवंत मरळ मागितली. बाबांनी ती काट्यावर ठेवली, तशी ती उसळली. आकडा दीड किलोवर गेला, लगेच अर्ध्यावर आला.

"भाऊ, मासोळीचे पैसे घेता का तिच्या नाचाचे?"

"थांबा ना जी, दमू द्या तिले." बाबांनी तिच्यावर हात ठेवला.

"हात काढा पहिले. हातही विकून राहिले का मले?"

बाबा हसले, हात काढला. मरळ निपचित पडली तेव्हा कुठे आकडा किलोवर थांबला. गिऱ्हाईक घेऊन गेलं.

मी रिकाम्या काट्याकडे बघत राहिले. मरळ तीच, वजन तेच. मग आकडा कशाचा हलत होता? काटा तिला किती ढकलतोय, त्याचा? तर मग दोन्ही बाण सारखे, हे कसं?

"काहून वं, काटा बिघडला का?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. मलेच समजून नाही राहिलं."

"मंग सराले विचार. मले काय विचारतं, मी त दहावी नापास."

सोमवारी मी दोन्ही बाण सारखे काढले. सर "बरोबर" म्हणाले. तेवढ्यावर जागेवर जाऊन बसता आलं असतं.

"सर, पुस्तकाच्या जागी जिवंत मासोळी असली तर?"

वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "बाजार भरला वं." सर हसले नाहीत. त्यांनी खडू पुन्हा माझ्याकडे दिला.

"ती उसळतानाचे बाण काढ."

खालचा बाण मी तेवढाच ठेवला. वरचा आधी लांब काढला, मग पुसून आखूड केला, मग तोही पुसला. उसळी सुरू होतानाचा काढायचा की ती हवेत गेल्यावरचा, हेच ठरेना.

"नाही कळलं, सर."

"उद्या परत काढ," ते म्हणाले. आर्ट्सचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही.