फक्कीच्या रेघेबाहेर

सोनपेठला माझ्या वडिलांना मास्तर म्हणणारे थोडे आणि इमानवाले, म्हणजे विमानवाले, म्हणणारे जास्त. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. हैदराबादला कॉलेजात असताना त्यांना छोटी विमानं बनवून उडवायचा नाद लागला आणि नोकरीला येताना तो नाद ते ट्रंकेत भरून घेऊन आले. आई म्हणायची, ट्रंकेत दोन सदरे होते, बाकी सगळं लाकूड. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो.

त्यांनी एक मंडळही काढलं होतं. मंडळ म्हणजे चार माणसं: अण्णा, एका दवाखान्यातले कंपाउंडर काका, शेतावरच्या मोटारींचं वायंडिंग करणारे काका आणि मी. मी तेव्हा परभणीला बी.एस्सी. करत होते. सुट्टीत घरी आले की मैत्रिणी भरतकाम काढायच्या आणि मी विमानाच्या पंखांना पतंगाचा कागद चिकटवत बसायचे. गावाला त्याचं काही वाटायचं बंद झालं होतं. वेड्याची पोरगी थोडी वेडी असणारच, एवढं लोक समजून घेतात.

आमचं विमान रेडिओवर चालणारं नव्हतं. त्याच्या डाव्या पंखातून दोन बारीक तारा निघायच्या आणि मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या मुठीला येऊन मिळायच्या. विमान त्या माणसाभोवती गोल फिरायचं आणि त्यालाही विमानासोबत जागच्या जागी फिरावं लागायचं. मूठ वर कलली की विमान वर, खाली कलली की खाली. इंजिन मधेच बंद करायची सोय नव्हती. टाकीतलं तेल संपेपर्यंत विमान उडणार आणि तोवर माणूस फिरणार. मधे कुणी घुसलं तर गळ्याला तार नाहीतर डोक्यात पंखा. म्हणून मैदानावर फक्कीची गोल रेघ मारलेली असायची आणि मंडळाचा एकच कडक नियम होता: इंजिन गप्प होईपर्यंत रेघेच्या आत पाऊल टाकायचं नाही. आग लागली तरी नाही.

आमचा हंगाम येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, सुरू व्हायचा आणि शिमग्याला संपायचा. त्यानंतर वावटळी सुटायच्या आणि पावसाळ्यात मैदानाचा चिखल व्हायचा. येळवसेला सगळं गाव शेतात जेवायला जातं, त्यामुळं गुरांच्या बाजाराचं मैदान मोकळं मिळायचं. हंगामातलं पहिलं उड्डाण अण्णांचं, भरल्या टाकीनं. मग बाकीचे थोडं थोडं.

पण ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या वर्षी हंगाम झालाच नाही. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला होता, खेड्यापाड्यांतल्या दलित वस्त्या जळाल्या होत्या. कंपाउंडर काकांनी बायको-मुलांना नांदेडला मेहुण्याकडे नेऊन ठेवलं आणि स्वतः दवाखान्यातच झोपायला लागले. त्या हिवाळ्यात विमानाचा विषय कुणी काढला नाही. इंजिन एरंडेलाच्या बरणीत बुडून राहिलं. पुढच्या दिवाळीत काकांची माणसं परत आली आणि मग येळवस जवळ आल्यावर, मी सुट्टीला आले असताना, कंपाउंडर काकांनीच घरी येऊन विचारलं, “सर, औंदा काढायचं का इमान?”

अण्णांनी त्याच दुपारी बरणी काढली. इंजिनातलं तेल गोठून चिकट झालं होतं, ते सुटावं म्हणून त्यांनी ते आईच्या तव्यावर ठेवून गरम केलं. आईनं तो तवा पुन्हा चुलीवर ठेवला नाही. मी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या तासल्या. कंपाउंडर काकांनी दवाखान्यातून ईथर आणलं, त्यात रॉकेल आणि एरंडेल मिसळून आमचं तेल तयार झालं. आठवडाभर घराला दवाखान्याचा वास येत होता आणि मी खुशीत होते.

मग एका सकाळी मी अंघोळीचं पाणी काढायला अंगणात आले. अण्णा पाठमोरे उभे होते. दोरीला तांब्या बांधून ते तो स्वतःभोवती फिरवत होते, हंगामाआधीचा सराव म्हणून. दोन-तीन फेऱ्या बऱ्या गेल्या. मग तांब्या खाली आपटला आणि अण्णांनी कपडे वाळत घालायच्या तारेच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“अण्णा! काय झालं?”

“काय न्हाई. जमीन फिरायलीय माय, मी न्हाई.” हसायचा प्रयत्न करत ते म्हणाले. खांब मात्र सोडला नाही. “आईला सांगू नको.”

मी सांगितलं नाही, पण तडक दवाखान्यात गेले. कंपाउंडर काका पुड्या बांधत होते. मी विचारताच त्यांचे हात थांबले. त्यांना सगळं ठाऊक होतं, गोळ्या तेच देत होते. “परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलंय, कानातून व्हायलंय हे. शिडीवर चढू नका, गरगरा फिरू नका. आता सरांचा नादच गरगरा फिरायचा.”

“मग तुमी सांगा की त्यांना. तुमचं ऐकतील.”

काकांनी हातातली पुडी बाजूला ठेवली. “बाई, त्या वर्षी या पायरीवर रोज संध्याकाळी माझ्यापाशी येऊन बसणारे सर एकटेच. त्यांना मी कोणत्या तोंडानं म्हणू, सर, तुमी आता घरी बसा?”

मला दोघांचाही राग आला. घरी येऊन मी अण्णांना म्हटलं, पहिलं उड्डाण या वर्षी वायंडिंग काकांना करू द्या. ते पंखाला डोप, म्हणजे कागद ताणून धरणारं वार्निश, लावत होते. “त्याला दोन फेऱ्यांच्या वर जमत न्हाई.” मग मी करते, म्हटलं. “तू सोडणारी हायस. सोडणाऱ्यानं सोडावं.” विमान रेघेवर धरून ठेवायचं आणि अण्णांनी हात वर केला की सोडायचं, हे माझं काम होतं.

मी रडवेली झाल्याचं बघून त्यांनी ब्रश खाली ठेवला. “ऐक. नजर इमानावर ठेवायची. इमान डोळ्यापुढं जागच्या जागीच असतं, दुनिया फिरती. दुनियेकडं बघितलं की मेलं. मी न्हाई बघणार. एक डाव उडवून बघू दे मला. नीट जमलं तर ठीक. न्हाई जमलं तर इंजिन कंपाउंडरला देऊन टाकतो, पुन्हा नाव काढणार न्हाई.”

टाकी लहान आहे, तीन-चार मिनिटांत संपते, तेवढं निभावून जाईल, अशी मी स्वतःची समजूत काढली. झोपताना तीच समजूत पुन्हा पुन्हा काढत होते.

येळवसेच्या आदल्या संध्याकाळी कंपाउंडर काका आमच्याकडं बसलेले असताना वायंडिंग काका आले. शर्टाच्या आत काहीतरी लपवलेलं होतं आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. त्यांनी दुधाच्या पावडरीच्या डब्याचा पत्रा कापून, डाग देऊन नवी टाकी बनवली होती. जुनीच्या दुप्पट. “एक साल उपाशी राहिलंय आपलं इमान,” ते म्हणाले, “औंदा पोटभर जेवू द्या.”

ती टाकी उचलून आडात फेकावी असं मला वाटलं. पण त्या माणसाला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. रात्र जागून त्यानं सांधे घासून गुळगुळीत केले होते. अण्णांनी टाकी हातात घेऊन खालून वरून बघितली आणि म्हणाले, “लय भारी झाली.” मी कंपाउंडर काकांकडं बघितलं. ते चपलेचा अंगठा नीट करत बसले होते.

दुसऱ्या दिवशी वायंडिंग काकांच्या भावाच्या शेतात सगळ्यांची जेवणं झाली. शेत मैदानाला लागूनच होतं. भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, सगळं होतं. मी हातातला उंडा चुरत बसले होते. अण्णा मात्र मागून मागून आंबील पीत होते आणि आईची थट्टा करत होते. ऊन कलल्यावर वारा पडला आणि आसपासच्या शेतांतली माणसं, बाया, पोरंसोरं मैदानाकडं निघाली. एका वर्षाच्या खंडानं गर्दी दुप्पट झाली होती. आम्ही सकाळीच गुरांचे खुंट उपटून, दगड वेचून जागा साफ केली होती. फक्कीची रेघ उन्हात लख्ख दिसत होती.

काचेच्या सिरिंजनं टाकीत तेल भरायचं काम माझंच. मी अर्ध्यावर थांबले. अण्णांनी विमान कानाशी धरून हलवलं. “अजून बसतंय त्यात. भर.” मी सिरिंज खाली ठेवली. “भर की, माय.” मी भरलं.

ते चालत मधोमध गेले आणि मूठ उचलली. वायंडिंग काकांनी बोटानं पंखा फिरवला, इंजिन किंचाळायला लागलं. मी रेघेवर गुडघे टेकून विमान घट्ट धरलं. अण्णांनी हात वर केला.

मी सोडलं नाही. मला एकच सुचलं होतं, जेवढा वेळ धरून ठेवीन तेवढं तेल इथंच जळेल. एरंडेलाचे गरम शिंतोडे मनगटावर उडत होते. अण्णांनी पुन्हा हात वर केला. लोक ओरडायला लागले, “सोड की पोरी!” वायंडिंग काकांना वाटलं मी भ्याले. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “सोड, सोड, काय होत न्हाई.” अण्णांनी तिसऱ्यांदा हात केला आणि या वेळी त्यांनी माझ्याकडं जे बघितलं ते मला सोसलं नाही. ते विनवत होते. आयुष्यात त्यांनी मला कधी विनवलं नव्हतं.

मी सोडलं.

विमान सुरेख उठलं. टाळ्या पडल्या. अण्णा हनुवटी वर करून, नजर विमानावर लावून सावकाश फिरत होते, आणि काही फेऱ्या मला खरंच वाटलं की जमलं. मग त्यांचा डावा पाय उजव्यावर पडला. ते सावरले. पुन्हा पडला. पाय विमानाच्या मागं पडत होते, हात पुढं ओढला जात होता. कंपाउंडर काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. दोघांच्याही चपला बरोबर रेघेला टेकलेल्या होत्या.

“काका, काहीतरी करा.”

“काय करू?” ते म्हणाले. “तूच सांग, काय करू?”

अण्णा गुडघ्यांवर आले. हात मात्र ताठ. ते गुडघ्यांवरच फिरायला लागले आणि लोकांना वाटलं, मास्तरांनी नवीन खेळ काढला. शिट्ट्या आल्या. वायंडिंग काका आनंदानं उड्या मारत होते. इंजिनाचा आवाज जरासुद्धा कमी होत नव्हता. एवढ्या मोठ्या मैदानात त्या टाकीत किती तेल उरलंय याचा हिशेब करणारी आम्ही दोनच माणसं होतो, आणि दोघांनाही तो येत नव्हता.

शेवटी आवाज तुटला. विमान निम्मी फेरी तसंच तरंगलं आणि कोरड्या गवतात घसरत जाऊन थांबलं. पंखाचं टोकसुद्धा मोडलं नाही. लोकांनी एकच गलका केला. मी रेघ ओलांडून धावले.

अण्णांचे डोळे गच्च मिटलेले होते. कधी मिटले होते कोण जाणे. डाव्या हाताची बोटं त्यांनी काळ्या मातीत रुतवली होती. उजवा हात अजून ताठ होता, आणि ते गुडघ्यांवर अजून फिरत होते, इंच इंच. तारा गवतात सैल पडल्या होत्या.

“उतरलं का?” त्यांनी विचारलं.

“उतरलं, अण्णा. चांगलं उतरलं.”

“मग हे ओढायलंय कोण?”

मी त्यांच्या शेजारी बसून दोन्ही हातांनी त्यांची मूठ धरली. ती सुटेना. मागं लोक अजून टाळ्या वाजवत होते.