वीस बल्बांची पारख

कोल्हारच्या नाक्यावर सहादू मिस्त्रीचा शब्द म्हणजे शेवटचा. विहिरीवरची मोटर जळाली म्हणून कुणी आलं की आधी तो त्याची शाळा घ्यायचा. "अरं, मोटर चालताना जेवढी वीज खाती त्याच्या तिप्पट उठताना खाती!" हे त्याचं पालुपद. दुसऱ्यांना हजारदा ऐकवलेलं हेच पालुपद तो आईच्या वेळी विसरला.

बहात्तरचा मे महिना होता. त्याच्या आईचा, भागिरथीबाईचा, एक डोळा आधीच गेलेला आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. यंदा काढला नाही तर तोही कायमचा जाणार होता. तेवढ्यात एका संस्थेची दवाखान्याची बस गावात येणार असं कळलं. पत्र्याच्या बसमध्येच ऑपरेशन, आणि तिथं थंड हवेचं मशीन. घामाचा एक थेंब पडला तरी डोळा नासतो, म्हणून मशीन चालल्याशिवाय डॉक्टर हत्याराला हात लावत नसत. गावच्या विजेचा भरवसा नव्हता. जनरेटर गावानं आणायचा ठरला, आणि मिस्त्री असताना तो दुसरं कोण निवडणार?

राहुरीच्या बन्सी मंडपवाल्याकडं दोन होते. एक डिझेलचं अवजड धूड, दुसरा पेट्रोलचा, दोघांत उचलेल असा. संस्थेच्या पत्रात मशीनचा आकडा होता दोन हजार वॅट. बन्सीनं मंडपवाल्यांच्या रीतीनं धाकट्यावर शंभर वॅटचे वीस बल्ब लावले. जनरेटरनं हूं की चूं केलं नाही.

"ह्योच दे," सहादू म्हणाला. "गारव्याचं खोकं ते. त्याला काय ताकद लागती?"

बस आली. म्हातारीसकट अठरा जण डोळ्यांत औषध घालून ओळीनं बसले. सहादूनं दोरी ओढली, पंखा फिरला. मग खोक्याच्या पोटातली मोटर उठू लागली आणि जनरेटर आचका देऊन बंद पडला. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. पाचव्या वेळी त्याला स्वतःचं पालुपद आठवलं. बल्बांना उठावं लागत नाही, मोटरीला लागतं.

मिळेल त्या ट्रकनं त्यानं राहुरी गाठली.

"मोठा सकाळीच लग्नाला गेला," बन्सी म्हणाला. "तूच नगं म्हनलास न्हवं?"

सहादूनं त्याचे पाय धरले. पाय धरून जनरेटर थोडाच येतो!

दिवेलागणीला तो परतला तेव्हा डॉक्टर सामान आवरत होते. उद्या पुढचं गाव, इथं पुन्हा वर्षानं.

"सायेब, माझ्या आईचा तेवढा करा. एकच!"

डॉक्टरांनी त्याचा हात बसच्या पत्र्यावर ठेवला. पत्रा अजून भाजत होता. "तिला एकच डोळा उरलाय, मिस्त्री. तो माझ्या हातानं घालवू?"

सामान भरायला उजेड हवा म्हणून कुणीतरी दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात जनरेटर सुरू झाला. बन्सीनं सोबत दिलेले वीसही बल्ब लख्ख पेटले.

आवाज ऐकून म्हातारीनं सहादूचा हात चाचपला.

"सुरू झालं व्हय रं? मला ठावं हुतं, माझं लेकरू करंल." तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि काठी टेकत ती बसकडं निघाली.